फरसबंद अंगणाचे अंदाजपत्रक : क्षेत्रफळ आणि थर

घरालगतच्या मोकळ्या जागेत फरसबंद अंगण करावयाचे ठरले म्हणजे खर्चाचा पहिला अंदाज बहुधा क्षेत्रफळावरून केला जातो. जागेचे चौरस फूट मोजावयाचे, फरशीचा व ती बसविण्याचा दर विचारावयाचा आणि दोहोंचा गुणाकार करावयाचा, ही ती रीत होय. ढोबळ कल्पना येण्यास ती पुरेशी आहे. परंतु केवळ तिच्या आधारे काम आरंभिले असता पैसा अर्ध्या वाटेवर संपतो आणि मग जी काटकसर होते ती नेमकी अस्थानी होते. क्षेत्रफळाचा दर हा डोळ्यांना दिसणाऱ्या पृष्ठभागाचा दर असतो. अंगणाचे आयुष्य मात्र त्या पृष्ठभागाखालील थरांवर अवलंबून असते. यास्तव अंदाजपत्रक थरांवरून कसे बांधावे, हे येथे एका उदाहरणाने स्पष्ट केले आहे.

१. भूमीचा विचार

दख्खनच्या पठारावरील काळी माती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट ह्या खनिजाचा हा गुणधर्म होय. फुगणे व आकसणे सर्वत्र सारखे होत नाही. म्हणून अशा मातीवर थेट बसविलेली फरशी काही ठिकाणी उचलते, काही ठिकाणी खचते आणि सांधे उघडतात. उपाय एकच : काही खोलीपर्यंत माती काढून तिच्या जागी मुरूम भरणे आणि पाणी मारून तो थराथराने धुमस करणे. कोकणात जांभ्याच्या भूमीवर हा प्रश्न ह्या स्वरूपात उद्भवत नाही. तेथे पावसाच्या निचऱ्याला प्राधान्य येते. म्हणून दुसऱ्या गावचे अंदाजपत्रक जसेच्या तसे उचलणे इष्ट नव्हे. आधी एक चाचणी खड्डा घेऊन मातीचा थर पाहावा आणि नंतरच आकडेमोडीस लागावे.

२. परिमाणे

काळ्या मातीवरील ६ मीटर लांब व ४ मीटर रुंद अंगण घेऊ. त्याची एक लांब बाजू घराला लागून आहे. क्षेत्रफळ २४ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २५८ चौरस फूट. खालून वर थर असे : मुरूम २० सेंटिमीटर, दगडी सोलिंग १५, १:४:८ प्रमाणाचे काँक्रीट १०, १:६ प्रमाणाचा मसाला २.५ आणि शहाबादी फरशी २.५ सेंटिमीटर. एकूण जाडी ५० सेंटिमीटर होते. अंगण जमिनीपासून सरासरी १० सेंटिमीटर उंच ठेवावयाचे असल्यास खोदाई ४० सेंटिमीटर करावी लागेल.

खोदाई ९.६ घनमीटर भरते. परंतु खोदलेली माती मोकळी होऊन सुमारे सव्वापट होते, म्हणून वाहून न्यावयाची माती १२ घनमीटर, म्हणजे सव्वाचार ब्रास होईल. मुरूम धुमसल्यावर ४.८ घनमीटर हवा. त्यासाठी सुमारे ६ घनमीटर, म्हणजे २ ब्रासहून थोडा अधिक, आणावा लागतो. सोलिंग ३.६ घनमीटर. काँक्रीट २.४ घनमीटर, त्याला सुमारे सव्वाआठ पोती सिमेंट, १.१ घनमीटर वाळू आणि २.३ घनमीटर खडी लागते. मसाला ०.६ घनमीटर, त्याला सुमारे सव्वातीन पोती सिमेंट. फरशी कापण्यात व फुटण्यात जाणारे १० टक्के धरता २६.४ चौरस मीटर घ्यावी लागेल. ह्याखेरीज तीन मोकळ्या बाजूंची १४ मीटर लांबीची विटांची कड आहे. तिच्याविना थर बाजूस सरकतात. तरीही अंदाजपत्रकातून हे कलम वारंवार सुटते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. व्यवहारात ‘ब्रास’ हा शब्द १०० घनफुटांसाठी आणि १०० चौरस फुटांसाठीही वापरला जातो. मुरुमाचा ब्रास आणि फरशीकामाचा ब्रास ही भिन्न मापे असून करारात ती स्पष्ट लिहिणे हिताचे ठरते.

३. उताराचे गणित

पावसाचे पाणी जोत्याकडे न जाता बाहेर वाहावे म्हणून दर ६० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर उतार दिला, तर ४ मीटर रुंदीत तो सुमारे ६.७ सेंटिमीटर होतो. हा उतार मुरुमाच्या थरातच साधला, तर वरील सर्व थरांची जाडी एकसारखी राहते व खर्च वाढत नाही. तोच उतार शेवटी मसाल्यात काढावयाचा म्हटले तर सरासरी ३.३ सेंटिमीटर जादा मसाला, म्हणजे ०.८ घनमीटर लागतो. मूळ मसाल्याहून हे परिमाण अधिक आहे. आरंभीच्या एका दुर्लक्षामुळे अशी सुमारे साडेचार पोती सिमेंट व्यर्थ जातात.

४. दर आणि आकस्मिक खर्च

परिमाणे निश्चित झाल्यावरच दर लावावेत, कारण परिमाणे स्थिर असतात आणि दर बदलतात. सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. परिमाणांचा तक्ता हाती असेल तर अशा बदलाचा परिणाम काही मिनिटांत काढता येतो, क्षेत्रफळाच्या एकमेव दरातून तो काढता येत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची तुलनेसाठी उपयुक्त असली, तरी लहान घरगुती कामास ती तंतोतंत लागू पडत नाही. दोन ब्रासांहून थोडा अधिक मुरूम हवा असला तरी तिसऱ्या खेपेचे भाडे भरावेच लागते.

शासकीय अंदाजपत्रकात आकस्मिक खर्चासाठी साधारणतः ३ ते ५ टक्के रक्कम ठेवण्याचा प्रघात आहे. घरगुती कामात ही टक्केवारी सर्व कलमांवर सारखी पसरण्यात अर्थ नाही. फरशीचे क्षेत्रफळ आधीच ठाऊक असते. अनिश्चितता असते ती जमिनीखाली. राखीव रक्कम खोदाई, माती-वाहतूक आणि मुरूम ह्या कलमांपुढे ठेवणे अधिक तर्कसंगत होय.

५. काटकसर कोठे करावी

एवढे करूनही रक्कम आवाक्याबाहेर गेली, तर पहिला मोह थर पातळ करण्याचा होतो. वरील उदाहरणात काँक्रीट १० ऐवजी ७.५ सेंटिमीटर केल्यास सिमेंटची अवघी दोन पोती वाचतात. उलट अंगणाची लांबी ६ ऐवजी ४.५ मीटर केल्यास खोदाईपासून फरशीपर्यंत प्रत्येक थराचे परिमाण एक चतुर्थांशाने घटते आणि बांधणीच्या बळास बाध येत नाही. वाचवलेल्या दोन पोत्यांमुळे अंगण खचले तर फरशी उखडताना फुटते, मजुरी दुप्पट पडते आणि मुरूम पुन्हा धुमसावा लागतो. लहान अंगण पुढे वाढविता येते. कच्च्या पायावरचे अंगण मात्र मुळापासून पुन्हा करावे लागते. म्हणून अंदाजपत्रक आटोक्यात आणताना प्रथम क्षेत्रफळ, नंतर फरशीचा प्रकार आणि सर्वांत शेवटी थरांची जाडी, हाच क्रम शास्त्रशुद्ध मानावयास हवा.