सोन्याची घट कळते, मग गाडीची?

गेल्या वर्षीची राखीपौर्णिमा, म्हणजे ९ ऑगस्ट २०२५. शनिवार होता. माझी नणंद धुळ्याहून जळगावला यायची होती, म्हणून मी सकाळपासून खापरावर मांडे करत होते. पुरण तयार, आमरस नाही म्हणून दूध-गूळ तयार. अकराच्या सुमारास फोन वाजला. पलीकडून ताईंचा रडवेला आवाज, "वहिनी, एरंडोलच्या अलीकडे गाडी बंद पडली. खालून काहीतरी जोरात लागलं. आते काय करानं व माय?"

ताई घाबरल्या की त्यांची अहिराणी बाहेर येते. एरवी त्या शाळेत मराठी शिकवतात. धुळ्याहून साक्री रस्त्याला रोज तीसेक किलोमीटर जायचं आणि यायचं. बसच्या वेळा जमत नाहीत, पेट्रोल परवडत नाही, म्हणून २०२२ च्या दसऱ्याला त्यांनी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पगारावर कर्ज काढून इलेक्ट्रिक कार घेतली. सासरी बरीच नाकं मुरडली गेली. "बाईमाणसाने कशाला एवढं कर्ज करायचं" इथपासून "ती सेलवरची गाडी किती दिवस चालणार" इथपर्यंत. ताईंनी कुणाचं ऐकलं नाही. सलग तीन वर्षं गाडी लोण्यासारखी चालली.

त्या दिवशी रस्त्यात पडलेला मोठा दगड गाडीच्या पोटाखाली आला. सुदैवाने कुणाला खरचटलंही नाही. काचा शाबूत, दारं शाबूत, दिवे शाबूत. पण इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी पोटाखालीच असते. तिच्या पत्र्याला पोचा पडला होता आणि डॅशबोर्डवर लाल खूण पेटली होती. ताईंनी एक शहाणपणा केला. गाडी पुन्हा सुरू करून पाहिली नाही, सगळ्यांना खाली उतरवलं आणि कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. बॅटरीला मार बसला किंवा गाडी पाण्यात बुडाली तर ती सुरू करू नये आणि चार्जिंगलाही लावू नये, हे मैत्रिणींनो, पक्कं लक्षात ठेवा. गाडी उचलून जळगावच्या वर्कशॉपमध्ये आली. मांडे संध्याकाळी खाल्ले, तेही कसेबसे.

दोन दिवसांनी विमा कंपनीचे सर्वेअर आले. वर्कशॉपने अंदाजपत्रक दिलं, ७ लाख ९० हजार! त्यातले बहुतेक पैसे एकट्या बॅटरीचे. ताई म्हणाल्या, "अहो, बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी आहे ना?" आहे, पण ती बॅटरी आपणहून बिघडली तर. बाहेरून बसलेला मार वॉरंटीत येत नाही, तो विम्यात येतो.

मग आठवड्याभराने निरोप आला की गाडी 'टोटल लॉस' धरली आहे. आम्ही सगळे चक्रावलो. समोर उभी असलेली, धुऊन पुसली तर नवी दिसेल अशी गाडी, आणि टोटल लॉस? ताईंना धुळ्याच्या ऑफिसात सहीला बोलावलं होतं. मी इथून एस.टी. पकडली आणि त्यांच्याबरोबर गेले. बचत गटाच्या कामामुळे बँकांची आणि सरकारी कचेऱ्यांची पायरी मला नवी नाही. पण खरं सांगते, गाडीच्या विम्यातलं मला तोवर काडीचंही कळत नव्हतं.

तिथले साहेब बोलायला गोड होते. म्हणाले, "मॅडम, तुमच्या गाडीला आज बाजारात आठ-सव्वाआठ लाखांच्या वर भाव नाही. इलेक्ट्रिक गाड्यांचे भाव उतरलेत. ८ लाख २० हजार देतो. सही करा, लवकर मोकळं करू."

ताईंच्या कर्जाचे अजून ८ लाख ७० हजार बाकी होते. गाडीवर बँकेचा बोजा असला की विम्याचे पैसे आधी बँकेला जातात. म्हणजे गाडीही गेली आणि वर ५० हजार ताईंनीच भरायचे! तरी ताई माझ्या कानात म्हणतात, "वहिनी, वाद नको. सही करून टाकते." आपल्या बायकांचं हे असंच असतं. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू, पण टेबलापलीकडे साहेब बसला की जीभ टाळूला चिकटते. मी एवढंच म्हटलं, "साहेब, हा आकडा कसा काढला ते लिहून द्या आणि सर्वेअरच्या रिपोर्टची प्रत द्या. घरी वाचतो, मग सही करतो."

त्या रात्री देवपूरला ताईंच्या घरी आम्ही दोघी पॉलिसीचे कागद घेऊन बसलो. बारीक अक्षरं, शेजारी चहा. हळूहळू एकेक गाठ सुटत गेली.

पहिली गाठ आयडीव्हीची. पॉलिसीच्या पहिल्याच पानावर हा आकडा असतो. विमा उतरवताना गाडीची धरलेली किंमत म्हणजे आयडीव्ही. गाडीची त्या वेळची कंपनीची किंमत घ्यायची आणि वयाप्रमाणे घट वजा करायची. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. त्यापुढे दोघांनी मिळून ठरवायचं. जळगावच्या सराफ बाजारात जुनी बांगडी मोडायला नेली तर घट किती धरली हे आपण चारदा विचारतो. काट्यावर नजर ठेवून उभ्या राहतो. गाडीचंही अगदी तसंच आहे, फक्त आपल्याला कुणी काटा दाखवत नाही.

दुसरी गाठ त्याच कागदांत होती. त्यात स्पष्ट छापलेलं होतं की टोटल लॉसच्या दाव्यात आयडीव्ही हीच पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत गाडीची बाजारभावाची किंमत धरली जाईल, पुन्हा वेगळी घट लावली जाणार नाही. ताईंची आयडीव्ही होती ९ लाख ८० हजार. मग 'आजचा बाजारभाव ८ लाख २०' कुठून आला? भाव उतरतात हे खरंच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटा मोटर्सने नेक्सॉन ईव्हीच्या किमती १ लाख २० हजारांपर्यंत कमी केल्या होत्या. पण अशा उतरलेल्या भावाचा हिशोब पॉलिसी नवी करताना व्हायचा असतो. ९ लाख ८० हजारांवर प्रीमियम घ्यायचा आणि पैसे द्यायच्या वेळी दुसरा काटा काढायचा, असं चालत नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. गाडीचा विमा ३ लाख ५४ हजारांचा, आणि कंपनी त्याहून बरीच कमी रक्कम देत होती. नूतनीकरण करताना जी किंमत तुम्ही मान्य केली ती तुमच्यावर बंधनकारक आहे, असं न्यायालयाने कंपनीला सांगितलं. सर्वेअरचा रिपोर्ट महत्त्वाचा असला तरी तो शेवटचा शब्द नाही, हेही याच न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं आहे.

तिसरी गाठ सुटली तेव्हा मात्र आम्ही दोघी गप्प झालो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. ९ लाख ८० हजारांचे ७५ टक्के म्हणजे ७ लाख ३५ हजार. अंदाजपत्रक ७ लाख ९० हजारांचं, म्हणून गाडी मोडीत. पण ही ९ लाख ८० हजारांची आयडीव्ही आली कुठून? ऑक्टोबर २०२४ मध्ये पॉलिसी नवी केली तेव्हा त्या गाडीची कंपनीची किंमत होती १४ लाख. दोन वर्षांची २० टक्के घट काढली तर होतात ११ लाख २० हजार. मग हा आकडा खाली कुणी आणला?

ताईंनी डोक्याला हात लावला. ओळखीतले एजंट भाऊ म्हणाले होते, "ताई, दोन-अडीच हजार वाचवून देतो." ताई खूश. यांनी चहा पाजला, त्यांनी आयडीव्ही खाली ओढली. थोडी वर-खाली करायची मुभा असते, तिचा असा उपयोग झाला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. सगळ्या गिऱ्हाइकांना स्वस्त पॉलिसी हवी असते, त्यांनी ती दिली. पण ११ लाख २० हजारांचे ७५ टक्के काढून बघा, ८ लाख ४० हजार येतात. दुरुस्ती त्याच्या आत बसत होती! ताईंनी झिरो डेपही घेतलं होतं, त्यामुळे बॅटरी बदलून गाडी परत रस्त्यावर आली असती. अडीच हजार वाचवले आणि धडधाकट गाडी भंगारात गेली.

झिरो डेपचंही सांगते. ते नसेल तर नेहमीच्या पॉलिसीच्या अटींत रबर, प्लॅस्टिक, टायर यांच्याबरोबरच बॅटरीवरही दुरुस्तीच्या वेळी ५० टक्के घट लावतात. पेट्रोलच्या गाडीत बॅटरी पाच-सात हजारांची, त्यामुळे तो शब्द कुणी वाचत नाही. इलेक्ट्रिक गाडीत तोच शब्द लाखांचा होऊ शकतो. म्हणून बॅटरीसाठी वेगळं संरक्षण आहे का, हे आधी विचारावं. टोटल लॉसमध्ये मात्र झिरो डेपचा उपयोग नाही. तिथे 'रिटर्न टू इन्व्हॉइस' नावाची जोड कामाला येते. ती असेल तर बिलाच्या किमतीच्या हिशोबाने पैसे मिळतात. गाडी नवी असतानाच ही जोड मिळते, पहिल्या दिवशीच विचारून ठेवा.

दुसऱ्या दिवशी ताईंनी स्वतःच्या सुंदर अक्षरात कंपनीला पत्र लिहिलं. शिवीगाळ नाही, रडगाणं नाही. पॉलिसीतलं ते वाक्य, पान क्रमांक आणि मागणी: पूर्ण आयडीव्ही द्या, नसेल द्यायची तर कारण लेखी द्या. पोच घेतली, ई-मेलही केला. २०२४ च्या नियमांप्रमाणे दावा कळवल्यावर २४ तासांत सर्वेअर नेमायचा, त्याचा रिपोर्ट १५ दिवसांत घ्यायचा आणि रिपोर्ट आल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा असतो, हेही पत्रात नम्रपणे लिहिलं. कंपनीने ऐकलं नाही तर पुढच्या वाटाही आम्ही विचारून ठेवल्या होत्या. विमा नियामकाचा तक्रार क्रमांक १५५२५५. महिन्याभरात कंपनीकडून समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. आपल्या खानदेशासाठी त्यांचं कार्यालय पुण्याला आहे, ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते, फी नाही, वकीलही लागत नाही. शिवाय जळगाव, धुळे दोन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

तिथवर जावं लागलं नाही. तीन आठवड्यांनी पूर्ण ९ लाख ८० हजार मंजूर झाले, पॉलिसीत लिहिलेली दोन हजारांची वजावट सोडून. बँकेचे फिटले आणि ताईंच्या हाती १ लाख ८ हजार आले. आयडीव्ही नीट लिहिली असती आणि तरीही गाडी मोडीत गेली असती, तर हातात आणखी १ लाख ४० हजार असते. ते गेले ते गेलेच. पत्र कितीही छान लिहा, पॉलिसीवर नसलेला आकडा कुणी देत नाही.

एक शेवटचं. मोडीतली गाडी देताना घाईत कोऱ्या फॉर्मवर सह्या करू नका. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आपल्या गाडीचा नंबर उद्या भलत्याच गाडीवर फिरू लागला तर पोलीस आपल्या दारी येतील. ताईंनी बोजा उतरवल्याचा कागद, कंपनीला गाडी ताब्यात दिल्याची पावती, सगळं फाइलला लावलं तेव्हाच आम्ही निर्धास्त झालो.

ताई काही महिने बसने शाळेत जात होत्या. गाडी पुन्हा घेणार, तीही इलेक्ट्रिकच, असं म्हणतात. सासरचे आता काही बोलत नाहीत, उलट मोठ्या दिरांनी परवा आपल्या गाडीची पॉलिसी ताईंकडे वाचायला पाठवली. आमच्या बचत गटातही मी एका बैठकीला सगळ्यांना घरातल्या गाड्यांचे कागद आणायला सांगितले. बावीस जणींपैकी सोळा जणींना पॉलिसी घरात कुठे ठेवली आहे हेच माहीत नव्हतं. सहा जणींनी आणली, त्यात दोघींच्या गाडीचा फक्त थर्ड पार्टी विमा निघाला. म्हणजे ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात शिरला तसा पूर आला आणि गाडी बुडाली, तर त्यांना स्वतःच्या गाडीचा एक रुपया मिळणार नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, आज जेवणं आटोपली की कपाटातला तो कागद काढा. आयडीव्हीपुढे कोणता आकडा आहे तो बघा आणि घट तुम्ही स्वतः मोजा. हिशोब जुळत नसेल तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी एजंट भाऊंना चहा जरूर पाजा, पण आकडा तुम्ही सांगा.