मागच्या ओझ्याचा तोल



बैलगाडीत माल भरणाऱ्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नसे. कडब्याच्या पेंढ्या असोत की धान्याची पोती असोत, तो गाडी भरता भरता दोनचारदा जू उचलून पाही. गाडी पुढे फार जड झाली तर बैलांच्या मानेवर ओझे येते. मागे जड झाली तर ती ‘उलाळ’ होते. म्हणजे जू वर उचलले जाते, गळ्याखालचा पट्टा आवळतो आणि चढावर बैल घुसमटतात. म्हणून किती पोती भरली यापेक्षा ती कुठे ठेवली, याकडे त्याचे लक्ष जास्त.

आज बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला आहे. ट्रॅक्टरच्या मागे लिफ्टचे दोन हात असतात आणि त्यांच्या वर मधोमध एक दांडा असतो, त्याला आपण टॉप लिंक म्हणतो. या तीन ठिकाणी नांगर अडकवतात, फवारणीची टाकी अडकवतात. आणि आता खताच्या गोण्या, द्राक्षांचे क्रेट, ठिबकच्या नळ्या नेण्यासाठी लोखंडी कॅरिअरही अडकवतात. सोय मोठी आहे. ट्रॉली जोडावी लागत नाही, अरुंद बांधावरून वळता येते, कॅरिअर जमिनीला टेकवून माल भरता येतो. पण ट्रॅक्टरला गळा नाही. तो उलाळ झाला तर बैलासारखा घुसमटून थांबत नाही. पुढची चाके हलकी होत जातात, आणि चालकाला ते कळते तेव्हा पुष्कळदा वेळ निघून गेलेली असते.

मग हे ओझे सुरक्षित न्यायचे कसे? त्यासाठी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. ओझे कुठे आहे? ते कशाने धरले आहे? आणि मागून येणाऱ्याला ते दिसते आहे का?

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, म्हणून तो आधी घेऊ. ट्रॉलीवरचे बहुतेक ओझे ट्रॉलीच्या स्वतःच्या चाकांवर असते. कॅरिअरला मात्र चाके नाहीत. त्याचे सगळे वजन ट्रॅक्टरच्या मागच्या आसापलीकडे लोंबकळते. मागचा आस हा टेकू झाला आणि ट्रॅक्टर ही तरफ झाली. मागे दाबले की पुढे उचलणार, हा पहारीचाच नियम.

आता थोडा हिशेब करू. हिशेबाला सोपा जावा म्हणून २००० किलो वजनाचा ट्रॅक्टर धरू. त्यातले ८०० किलो पुढच्या चाकांवर आणि १२०० किलो मागच्या चाकांवर आहेत. पुढच्या व मागच्या आसांत अंतर २ मीटर. कॅरिअर आणि माल मिळून ६०० किलो, आणि त्या वजनाचा मध्य मागच्या आसापासून १.२ मीटर मागे आहे. मग पुढच्या चाकांवरून किती वजन कमी होईल? ६०० ला १.२ ने गुणा आणि २ ने भागा. उत्तर येते ३६०. म्हणजे पुढे ८०० पैकी ४४० किलोच उरले. आणि मागच्या चाकांवर काय झाले? माल ठेवला ६०० किलोचा, पण भार वाढला ९६० किलोने. कारण पुढून सुटलेले ३६० किलोही मागेच आले. मागचे टायर दबलेले दिसतात ते यामुळे.

आता तोच माल, एक किलोही न वाढवता, एक फूट आणखी मागे सरकवा. १.२ मीटरचे १.५ मीटर झाले. पुढून आता ४५० किलो गेले आणि ३५० उरले. ट्रॅक्टर चालवण्याचा एक सर्वमान्य दंडक असा आहे, की ट्रॅक्टरच्या रिकाम्या वजनाच्या निदान एक-पंचमांश वजन पुढच्या चाकांवर राहिलेच पाहिजे. नाहीतर स्टिअरिंग फिरवले तरी चाके जमिनीला धरत नाहीत. २००० चा एक-पंचमांश म्हणजे ४००. पहिल्या वेळी आपण जेमतेम या रेषेच्या आत होतो. दुसऱ्या वेळी एका फुटाने रेषेबाहेर गेलो. शिवाय हा हिशेब सपाट जागेवर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा आहे. चढ लागला, चाक खड्ड्यात आपटले किंवा क्लच झटक्यात सोडला, की पुढचा भार आणखी कमी होतो.

यावरून करायचे काय, ते सरळ आहे. सर्वांत जड वस्तू कॅरिअरच्या पुढच्या कडेला, म्हणजे ट्रॅक्टरला लागून ठेवावी. जड खाली, हलके वर. डावे-उजवे वजन सारखे. डीएपीची गोणी ५० किलोची आणि युरियाची ४५ किलोची. गोण्या मोजल्या की वजन कळते, पण कॅरिअरचे स्वतःचे लोखंडही त्यात धरायला विसरू नये. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लिफ्ट किती किलो उचलते ते दिलेले असते. तो आकडा लिफ्टच्या ताकदीचा आहे, पुढची चाके जमिनीवर राहतील याची ती हमी नव्हे. पुढे हलके वाटले तर पुढच्या बंपरवर वजनाच्या ठोकळ्या लावाव्यात, नाहीतर दोन खेपा कराव्यात. दुसऱ्या खेपेला थोडे डिझेल जास्त लागेल, इतकेच.

फवारणीच्या टाकीचे आणखी एक निराळेपण आहे. ४०० लिटर पाणी म्हणजे ४०० किलो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण अर्धी टाकी पूर्ण टाकीपेक्षा हलकी असली तरी तिच्यातले पाणी हिंदकळते. वळणावर बाहेरच्या बाजूला आणि चढावर मागच्या बाजूला जाते. म्हणून अर्ध्या टाकीने भरधाव जाऊ नये.

या तीन ठिकाणच्या जोडणीमागे एक इतिहास आहे, आणि तो ओझ्याच्या तोलाशीच जोडलेला आहे. १९१७ पासून अमेरिकेत फोर्डसन नावाचे हलके ट्रॅक्टर कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले. त्यांच्यामागे नांगर नुसता ओढत नेला जाई. फाळ दगडात किंवा मुळीत अडकला की मागची चाके फिरत राहत आणि ट्रॅक्टरच पुढून उचलून मागे उलटे. चालक खाली सापडे. आयर्लंडमध्ये १८८४ साली जन्मलेले हॅरी फर्ग्युसन यांनी यावर उपाय शोधला. नांगर आणि ट्रॅक्टर तीन दांड्यांनी असे जोडले, की फाळ अडकला तर वरचा दांडा पुढे रेटला जाऊन ट्रॅक्टरचे तोंड खाली दाबले जाते. त्यांचे या पद्धतीचे मुख्य पेटंट १९२६ सालचे आहे आणि आजच्या ट्रॅक्टरवरही तीच रचना दिसते.

पण नीट ध्यानात घ्या. नांगर जमिनीत असतो तेव्हा वरचा दांडा पुढे रेटतो. उचललेल्या कॅरिअरवर गोण्या असतात तेव्हा तोच दांडा मागे ओढला जातो. म्हणजे नांगरटीच्या वेळी जी रचना चालकाला सांभाळते, ती लोंबकळत्या ओझ्याच्या वेळी सांभाळीलच असे नाही. तिथे आपल्यालाच सांभाळावे लागते.

आणखी एक गोष्ट. अडकलेली गाडी किंवा लाकडाचा ओंडका ओढायचा असेल, तर साखळी खालच्या ओढदांड्यालाच, म्हणजे ड्रॉबारलाच बांधावी. टॉप लिंकच्या जागी कधीही नाही. ओढ आसाच्या वर आली की ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उलटतो. पुढची चाके उचलताहेत असे वाटताच क्लच दाबावा. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर चालकाच्या संरक्षणासाठी मजबूत चौकट सक्तीची केली, ती अशा अपघातांमुळेच.

आता दुसरा प्रश्न : ओझे कशाने धरले आहे?

आधी कॅरिअर कशाने धरले आहे ते पाहू. लिफ्टच्या हातांची भोके आणि कॅरिअरच्या पिना एकाच मापाच्या हव्यात. जगभर याची मापे ठरलेली आहेत. लहान वर्गात खालची पिन सुमारे २२ मिलिमीटर आणि वरची १९. त्याच्या वरच्या वर्गात खालची २८ आणि वरची २५. मोठ्या भोकात बारीक पिन घालून वेळ मारून नेऊ नये. ती खडखडत राहते, झिजते आणि एक दिवस तुटते. पिनेला तारेचा तुकडा किंवा खिळा लावून भागवू नये. तिची स्वतःची कडीची खीळ असते, तीच लावावी. दोन्ही बाजूंच्या साखळ्या ताणून कॅरिअरचे डोलणे थांबवावे. रस्त्याने जाताना कॅरिअर जमिनीपासून गरजेपुरतेच उचलावे, कारण ओझे जितके उंच तितका तोल कच्चा. आणि उभे राहायचे झाले की ते जमिनीला टेकवावे. नुसत्या तेलाच्या दाबावर टांगलेल्या ओझ्याखाली हात घालू नये.

मग माल. माल नुसता वजनाने बसून राहील असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. युरोपात माल बांधण्याचा जो नियम आहे त्यात असे धरलेले आहे, की जोराचा ब्रेक लागला तर वस्तू आपल्या वजनाच्या आठ-दशांश इतक्या जोराने पुढे जाऊ पाहते, आणि वळणावर किंवा निघताना निम्म्या वजनाइतक्या जोराने बाजूला किंवा मागे. म्हणजे १०० किलोच्या पंपाला धरून ठेवायला पुढच्या दिशेने ८० किलोची ताकद हवी. पंप ठेवून वरून एक सुतळी टाकली, एवढ्याने भागणार नाही.

गोण्या रचताना गवंडी विटा रचतो तशा सांधेमोड करून रचाव्यात. पुढे कठड्याला भिडवाव्यात, मध्ये मोकळी जागा सोडू नये. दोर कॅरिअरच्या सांगाड्याला बांधावा, नुसत्या जाळीला किंवा पत्र्याला नाही. निदान दोन दोर, एकमेकांना छेद देणारे. म्हणजे एक सुटला तरी दुसरा धरील. पत्र्याच्या धारेवर दोर येत असेल तिथे गोणपाटाची घडी घालावी. सुती दोर किंवा काथ्या ओला झाला की आवळतो आणि वाळला की ढिला पडतो. नायलॉनचा दोर ताण पडला की लांबतो. शिवाय धक्क्यांनी मालही दबून बसतो. म्हणून दोर कोणताही असो, निघाल्यावर किलोमीटरभर जाऊन एकदा उतरावे आणि दोर पुन्हा आवळावेत.

आणि त्या ओझ्यात माणूस नको. कॅरिअरवर, लिफ्टच्या हातांवर, ड्रॉबारवर मुलांना उभे करून शाळेपर्यंत सोडण्याची सवय काही ठिकाणी आहे. गोणी पडली तर गोणी फुटते. मूल पडले तर ते मागच्या वाहनाच्या पुढ्यात पडते. हे बाईंनी आणि गुरुजींनी पालकांच्या सभेत जरूर सांगावे.

तिसरा प्रश्न : मागून येणाऱ्याला दिसते का? कॅरिअरवर चार थर रचले की ट्रॅक्टरचे मागचे दिवे आणि नंबराची पाटी त्यांच्याआड जातात. मागून येणारा ट्रक जोरात असतो, आपण सावकाश असतो. अंधारात त्याला आपण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून दिवे झाकले जात असतील तर कॅरिअरच्या मागच्या कडेला लाल दिवा आणि चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात, आणि जमेल तितके दिवसाउजेडीच जावे. नळ्या, सळ्या, बांबू कॅरिअरवर आडवे टाकून बाहेर काढू नयेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, वाहनाच्या बाहेर येणारा माल नेल्यास २०,००० रुपये दंड आहे आणि माल उतरवण्याचा खर्चही आपल्यालाच भरावा लागतो. पण दंडाची भीती ही धाकटी गोष्ट. बाहेर आलेली सळई मोटारसायकलवाल्याच्या छातीत जाते, ही थोरली.

हा नियम ट्रॅक्टरपुरताच नाही. अमेरिकेत लोक प्रवासाचे सामान मोटारीच्या मागे चौकोनी नळीत अडकवलेल्या कॅरिअरवर नेतात. तिथेही जड पेटी मोटारीला लागून ठेवावी असेच सांगतात. आपल्याकडे मोटारसायकलच्या मागे दुधाची किटली बांधणाऱ्यालाही हँडल हलके लागते, ते याच कारणाने.

शिक्षक मित्रांनो, वर्गात हे पाच मिनिटांत दाखवता येईल. ३० सेंटिमीटरची लाकडी पट्टी दोन षटकोनी पेन्सिलींवर ठेवा. एक पेन्सिल २ सेंटिमीटरच्या खुणेखाली, दुसरी १८ च्या खुणेखाली. पहिली म्हणजे पुढची चाके, दुसरी मागची. पुढच्या पेन्सिलीवर, पट्टीखाली, कागदाची एक चिंधी दाबा. आता चार नाणी एकावर एक करून २० च्या खुणेवर ठेवा आणि मुलाला कागद हळूच ओढायला सांगा. तो अडतो. तीच नाणी मागे मागे सरकवत न्या. कागद सहज निघू लागेल आणि शेवटी पट्टीचे तोंडच उचलेल. नाणी तीच, फक्त जागा बदलली. मुलांना गणित आधीच येत असेल, तर पट्टीचे वजन करून ती कुठे उचलेल हे अगोदर काढायला लावा आणि मग ताडून पाहा. घरी ट्रॅक्टर असलेली मुले संध्याकाळी हे वडिलांना सांगतीलच.

बंधूंनो, माल भरून झाला की निघण्यापूर्वी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारा. जड वस्तू पुढे आहे ना, पिनांच्या खिळा लागल्या आहेत ना, दोर आवळले आहेत ना, दिवा दिसतो ना, रस्त्यावर जायचे तर दोन्ही ब्रेक एकत्र जोडले आहेत ना, एवढे पाहा. मग ट्रॅक्टर दोन पावले चालवून स्टिअरिंग जरा फिरवून बघा. ते नेहमीपेक्षा हलके लागले, तर पुढे जाऊ नका. दोन गोण्या उतरवा. जुना गाडीवान जू उचलून पाहायचा, त्याचीच ही आजची रीत आहे.