दगडातली भूकंपाची खूण

होटगीच्या शिवारात विहीर खणली तर काय लागते? वर काळी माती. तिच्याखाली मुरूम. मग काळा पाषाण. हे थर आपण नेहमी पाहतो. पण अशा थरांवरून जुना भूकंप ओळखता येतो, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

शेषाने डोके हलवले की धरणी हलते, असे म्हातारी माणसे सांगत. खरी गोष्ट वेगळी आहे. जमिनीच्या पोटात खडकावर मोठा दाब असतो. खडक पुष्कळ वर्षे तो सोसतो. मग एके दिवशी जुन्या भेगेपाशी तो एकदम सरकतो. वरची जमीन हादरते. तोच भूकंप.

या भेगा ओळखायला भूगर्भशास्त्र शिकणारी मुलेमुली डोंगरात जातात. उन्हाळ्यात ओढे आटतात, गवत वाळते, दगड उघडा पडतो. हाती हातोडा, होकायंत्र आणि वही. सह्याद्रीच्या घाटात खडकाचे थर भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक दिसतात. एखादा थर मध्येच तुटून पुढे चार हात खाली दिसला, की मुले थांबतात. इथं खडक सरकलाय! मग वरची माती पाहतात. तीही तुटली असेल, तर सरकणे त्या मातीनंतरचे. माती सलग असेल, तर ते त्याआधीचे.

होटगीपासून किल्लारी सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर आहे. तिथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसे झोपली होती. त्या भागात सुमारे १०,००० माणसे गेली.

नंतर शास्त्रज्ञांनी तिथल्या शेतांत चर खणले. ६१७ मीटर खोल भोकही पाडले. एका भेगेपाशी खडकाचा थर सुमारे ६ मीटर सरकलेला निघाला. किल्लारीसारख्या एकाच धक्क्यात एवढे सरकणे होत नाही. म्हणजे जमीन तिथे पूर्वीही हलली होती. माणसांना आठवण नव्हती, दगडाला होती.

पुढचा भूकंप कधी होईल, हे कोणीच सांगू शकत नाही. कोणी तारीख सांगितली तर विश्वास ठेवू नका. पण घर नीट बांधणे आपल्या हाती आहे. किल्लारीला दगडमातीच्या जाड भिंती फुटल्या आणि जड माळवदे अंगावर आली. म्हणून भिंतीत जागोजागी आरपार पोचणारे लांब दगड घाला. दारांच्या वर चारी भिंतींना लोखंडी सळयांचा काँक्रीटचा पट्टा बांधा. माळवदावर दरसाल मातीचे ओझे वाढवू नका.

भिंत उभारताना गवंड्याला एवढे जरूर विचारा, “दादा, पट्टा घातला का?”