भावाची फाईल कॉम्प्युटरात घेण्यापूर्वी

पूर्वी भाव कळत असे तो दलालाच्या फोनवरून, पेढीवरच्या फळ्यावरून किंवा सकाळच्या वर्तमानपत्रातून. आज कोणताही व्यापारी घरबसल्या दिवसाचे सर्व भाव एका फाईलमध्ये मिळवू शकतो. शेअरचे भाव नॅशनल स्टॉक एक्स्चेंज देते, म्युच्युअल फंडांचे भाव फंडांची संघटना ‘ॲम्फी’ देते, रुई, सोने आणि चांदीचे भाव मुंबईच्या एम.सी.एक्स.कडून मिळतात. यातील बहुतेक फाईली साध्या मजकुराच्या असतात. त्या कॉम्प्युटरात घेताना दोन मिनिटांची तपासणी केली नाही, तर पुढचा सगळा हिशेब बिघडतो आणि बिघडला आहे हे कळतही नाही. म्हणून या आठवड्यात हा विषय घेतला आहे.

आमच्या माण-हिंजवडी भागात आय.टी. पार्क आल्यापासून कॉम्प्युटर जाणणारा मुलगा सहज मिळतो. भोसरी आणि चाकणकडेही तीच स्थिती आहे. पण त्या मुलाला खंडी आणि गाठ यातला फरक ठाऊक नसतो आणि आपल्याला फाईलची भाषा ठाऊक नसते. या दोघांच्या मधल्या फटीतून चूक आत शिरते. तेव्हा काम मुलाने केले तरी तपासणी मालकाने करावी.

एक खुलासा आधीच करतो. वायदेबाजारात व्यवहार करा असे आम्ही सुचवत नाही. त्यातील जायज-नाजायज उलेमांना विचारावे. मात्र सूत घेणाऱ्याला रुईचा भाव, दागिने घडवणाऱ्याला सोन्याचा भाव आणि जकात काढणाऱ्याला चांदीचा भाव पाहावाच लागतो.

मजकुराची फाईल म्हणजे काय?

या फाईलमध्ये रेघा, रंग, चौकटी काहीही नसते. अक्षरे आणि आकडे एकामागून एक लिहिलेले असतात. एक ओळ म्हणजे एक नोंद. ओळीतील रकाने वेगळे दाखवण्यासाठी मध्ये एखादे चिन्ह असते: कुठे स्वल्पविराम, कुठे अर्धविराम, कुठे उभी रेघ, कुठे टॅबची मोकळी जागा. काही फाईलींत चिन्हच नसते, प्रत्येक रकान्याची रुंदी ठरलेली असते. तारीख, दशांश आणि हजाराचे चिन्ह कोणत्या पद्धतीने लिहिले आहे हे फाईल स्वतः सांगत नाही. ते आपण कॉम्प्युटरला सांगायचे असते. आपण सांगितले नाही तर तो अंदाजाने ठरवतो.

एक्सेलमध्ये अशी फाईल दोनदा क्लिक करून उघडली की कॉम्प्युटर काही न विचारता हे अंदाज बांधतो. त्याऐवजी आधी एक्सेल उघडावे आणि ‘डेटा’ या मेनूतून मजकुराची फाईल आत घ्यावी. मग रकान्याचे चिन्ह कोणते, तारीख कोणत्या क्रमाने, कोणता रकाना आकडा आणि कोणता मजकूर, हे ठरवण्याची संधी मिळते. त्याहीआधी फाईल ‘नोटपॅड’मध्ये उघडून पहिल्या दहा ओळी डोळ्यांनी वाचाव्यात. कापडाचा ताका घेण्यापूर्वी आपण तो उलगडून पाहतोच की!

पहिली तपासणी : रकान्याचे चिन्ह

एन.एस.ई.च्या रोजच्या भावाच्या फाईलमध्ये स्वल्पविराम असतो. ॲम्फीच्या फाईलमध्ये अर्धविराम असतो. तिच्यात सहा रकाने आहेत: योजनेचा क्रमांक, आय.एस.आय.एन.चे दोन रकाने, योजनेचे नाव, भाव आणि तारीख. मध्येमध्ये फंड कंपन्यांच्या नावांच्या ओळी आणि कोऱ्या ओळीही असतात. स्वल्पविराम धरून ही फाईल उघडली तर सगळा मजकूर एकाच रकान्यात गोळा होतो. ही चूक निदान दिसते तरी.

न दिसणारी चूक मोकळ्या जागेची. एन.एस.ई.ची डिलिव्हरीच्या आकड्यांसह निघणारी जी फाईल आहे, तिच्यात स्वल्पविरामानंतर एक मोकळी जागा असते. डोळ्यांना दोन्ही नावे सारखी दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी नावे. मग शोधलेले नाव सापडत नाही आणि रकान्यात शून्य येते. अशा वेळी आत घेतानाच मोकळी जागा काढून टाकावी.

दुसरी तपासणी : रकान्यांचा क्रम

ही तपासणी किती महत्त्वाची, ते २०२४ सालच्या बदलावरून कळेल. एन.एस.ई.च्या जुन्या फाईलमध्ये १३ रकाने होते आणि बंद भाव सहाव्या रकान्यात असे. ८ जुलै २०२४ पासून जुनी फाईल बंद झाली आणि नव्या समान नमुन्याची फाईल आली. तिच्यात ३४ रकाने आहेत आणि बंद भाव अठराव्या रकान्यात आहे. सहाव्या रकान्यात आता शेअरचा ओळख क्रमांक असतो.

जुन्या सवयीने ज्याचा कॉम्प्युटर सहावा रकाना उचलत राहील, त्याच्या वहीत भावाच्या जागी क्रमांक येईल. रिलायन्सचा हा क्रमांक २८८५ आहे आणि जुलै २०२४ च्या त्या आठवड्यात तिचा भाव ३,२०० च्या आसपास होता. २,८८५ हा आकडा पाहून कोणाला शंका येईल? भाव थोडा उतरला, एवढेच वाटेल. म्हणून रकाना मोजून घेऊ नये, पहिल्या ओळीतील नाव वाचून घ्यावा.

तिसरी तपासणी : तारीख

आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेत महिना आधी लिहितात. कॉम्प्युटर विकत घेतला तेव्हा त्यात अमेरिकन पद्धत ठेवलेली असेल आणि कोणी बदलली नसेल, तर १२/०३/२०२४ ही १२ मार्चची तारीख ३ डिसेंबर म्हणून वाचली जाते. उलट ०३/१२/२०२४ ही डिसेंबरची ओळ १२ मार्चच्या जागी जाऊन बसते. १३/०३/२०२४ मात्र तारीखच होत नाही, कारण तेरावा महिना नसतो. ती नुसता मजकूर म्हणून पडून राहते. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा (दिवस आणि महिना यांचा आकडा एकच असेल ती तारीख सोडून) चुकीच्या महिन्यात जातात आणि उरलेल्या निकामी होतात.

ओळखण्याची खूण सोपी आहे. खरी तारीख रकान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या, की तिथेच थांबावे.

आता यात काय पणाला लागते ते पाहा. २०२४ साली हिंदुस्थानात पहिला रोजा १२ मार्चला होता. अनेक जण जकातीचा हिशेब त्याच दिवशी करतात. चांदीचा निसाब साडेबावन तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम धरला जातो. त्या मार्चपासून डिसेंबरपर्यंत चांदी बरीच महागली होती. हिशेबासाठी मार्चचा भाव किलोला ७४,००० आणि डिसेंबरचा ९१,००० रुपये धरू. पहिल्या भावाने निसाब ४५,३१४ रुपये होतो आणि दुसऱ्या भावाने ५५,७२४ रुपये. एखाद्या कारागिराची वर्षभराची बचत ५०,००० रुपये असेल, तर खऱ्या भावाने त्याच्यावर जकात आहे. मागच्या वर्षाचा हिशेब पुन्हा तपासायला बसला आणि तारखेची अदलाबदल झाली, तर कॉम्प्युटर म्हणेल की जकात नव्हतीच. गरिबाचा हक्क एका तिरक्या रेघेपाशी अडकला!

उपाय असा की कॉम्प्युटरच्या ‘रिजन’ या सेटिंगमध्ये ‘इंग्लिश इंडिया’ निवडावे आणि फाईल घेताना तारखेच्या रकान्याला दिवस-महिना-वर्ष हा क्रम सांगावा. एन.एस.ई.च्या नव्या फाईलमध्ये वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असतो. ॲम्फीच्या फाईलमध्ये दिवस, मग महिन्याचे तीन अक्षरी नाव, मग वर्ष. या दोन पद्धतींत गोंधळ होत नाही. आपल्या दुकानातल्या फाईलींनाही यातील एक पद्धत लावावी.

चौथी तपासणी : दशांश आणि हजार

उर्दू शिकलेल्यांना नुक्त्याची किंमत सांगायला नको. एक नुक्ता वरचा खाली आला की ‘खुदा’चा ‘जुदा’ होतो. आकड्यातील बिंदूचेही तसेच आहे. जर्मनी आणि तुर्कस्तान येथे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला बिंदू लावतात. तिकडच्या यंत्रविक्रेत्याने किंवा कापडाच्या व्यापाऱ्याने पाठवलेल्या यादीत १.२५० असेल, तर ते बाराशे पन्नास. आपला कॉम्प्युटर ते सव्वा समजेल. त्यांच्या फाईलींत स्वल्पविराम दशांशात खर्च झालेला असल्यामुळे रकान्यांसाठी सहसा अर्धविराम वापरतात. फाईल घेताना दशांशाचे आणि हजाराचे चिन्ह वेगवेगळे सांगण्याची सोय असते, ती वापरावी.

आपल्याकडे लाखाचा स्वल्पविराम वेगळ्या जागी येतो. १,२५,००० हा आकडा अवतरण चिन्हात नसेल, तर स्वल्पविरामाच्या फाईलमध्ये त्याचे तीन रकाने होतात. आणि आकडा मजकूर म्हणून आत गेला तर बेरजेत धरलाच जात नाही. बेरीज कमी येते, पण एक्सेल तक्रार करत नाही.

पाचवी तपासणी : क्रमांक हा आकडा नव्हे

सी.डी.एस.एल.च्या डीमॅट खात्याचा क्रमांक १६ अंकी असतो. एक्सेल १५ अंकच नीट सांभाळते, सोळाव्या जागी शून्य टाकते. बँक खात्याचा क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर ते शून्य गळून पडते. ज्यांची बेरीज-वजाबाकी करायची नाही असे सर्व क्रमांक ‘टेक्स्ट’ म्हणून घ्यावेत. एकदा फाईल चुकीची साठवली की गेलेला अंक परत येत नाही, म्हणून मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये हात न लावता ठेवावी.

रुपयाचे चिन्ह किंवा मराठी-उर्दू नावे विचित्र दिसू लागली, तर फाईल घेताना लिपीचा प्रकार ‘यू.टी.एफ. आठ’ निवडावा.

सहावी तपासणी : माप

ही बाब फाईलच्या सेटिंगमध्ये नाही, पण सर्वांत जास्त पैसा इथे बुडतो. एम.सी.एक्स.वर सोन्याचा भाव १० ग्रॅमचा आणि चांदीचा किलोचा असतो. रुईचा भाव पूर्वी १७० किलोच्या गाठीला सांगत. २०२३ साली करार बदलला आणि भाव खंडीला सांगू लागले. खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. जुनी आणि नवी फाईल एकाखाली एक जोडली तर रुई एका दिवसात दुपटीहून महाग झालेली दिसेल. प्रत्यक्षात खंडीला ६०,००० आणि गाठीला सुमारे २८,६५० हा एकच भाव आहे, दोन्हीकडे किलोला साधारण १६८ रुपये ५० पैसे.

न्यूयॉर्कच्या रुईचा भाव पौंडाला सेंटमध्ये असतो. खंडीत ७८४ पौंड. भाव ८० सेंट असेल तर खंडीला ६२७ डॉलर २० सेंट झाले. डॉलर ८४ रुपये धरला तर सुमारे ५२,६८५ रुपये. सेंटला डॉलर समजले तर हाच आकडा शंभरपट होतो. मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीत माग चालवणाऱ्याने सुताचा सौदा करण्यापूर्वी हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा.

शेवटी काय करावे?

फाईल आत घेतल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. मूळ फाईलच्या ओळी आणि आपल्या ओळी सारख्या आहेत का. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान भाव पटण्यासारखा आहे का. आणि पहिली, मधली व शेवटची अशा तीन नोंदी वर्तमानपत्राशी किंवा बाजाराच्या पडद्याशी जुळतात का. तिन्ही जुळले तर पुढे जावे. कोणते सेटिंग वापरले ते एका कागदावर लिहून कॉम्प्युटरजवळ चिकटवावे, म्हणजे मुलगा बदलला तरी पद्धत बदलणार नाही.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनच्या सूरह अल-बकरामध्ये आहे आणि लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे असेही तिथे सांगितले आहे. आज लिहिण्याचे काम आपण यंत्राकडे दिले आहे. जबाबदारी मात्र यंत्राकडे गेलेली नाही, ती मालकाचीच आहे.