औषधाचें दुकान आणि मनाचा आजार

पिकावर कीड दिसली म्हणजे आपण पान खुडून दुकानदारास दाखवितों; मनास कीड लागली तर घरच्यांसहि सांगत नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां शेतकऱ्यांच्या आत्महत्येनंतरच्या साहाय्याचीं प्रकरणें माझ्या हातून गेलीं. त्यांत सात-बारा असे, कर्जाचा दाखला असे. एका प्रकरणांत झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठीहि होती. आमच्याकडे कागद आला तो माणूस गेल्यावर. औषधाच्या दुकानीं तो जिवंतपणीं जाऊन आला होता.

देवपुरांतून पांझरा ओलांडली कीं धुळें. परंतु साक्री-शिंदखेड्याकडील खेडुतास डॉक्टरांकडे जावयाचें तर दिवसाची मजुरी बुडते. औषधविक्रेता मात्र जवळ असतो. १९४८ च्या कायद्याखालीं २०१५ सालीं झालेल्या नियमांप्रमाणें औषध समजावून देणें हें नोंदणीकृत औषधविक्रेत्याचें कामच आहे.

उदासीनतेवरील गोळ्यांचा गुण बहुधा दोन ते चार आठवड्यांनीं दिसूं लागतो. आठच दिवसांत ‘गुण नाहीं’ म्हणून, किंवा पुढें बरें वाटलें म्हणून, त्या आपल्या मतानें सोडूं नयेत. हें विक्रेत्यानें सांगावें. पण चारचौघांदेखत नव्हे, बाजूस घेऊन.

लिथियम घेणाऱ्यानें विशेष जपावें. वैशाखाच्या उन्हांत राबून अंगांतील पाणी व मीठ कमी झालें, किंवा अंगदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या घेतल्या, तर रक्तांतील लिथियम धोक्याच्या मर्यादेपर्यंत चढूं शकतें. हात फार कांपणें, तोल जाणें, ओकारी, जुलाब हीं त्याचीं चिन्हें. तीं दिसतांच डॉक्टर गांठावा. म्हणून साधी वेदनाशामक गोळी मागतांनाहि चालू औषधें दुकानदारास सांगावीं.

डायझेपाम, अल्प्राझोलाम अशा गोळ्या चिठ्ठीवांचून मिळत नाहींत. २०१४ पासून विक्रेत्यास त्यांची वेगळी नोंद करून ती तीन वर्षें ठेवावी लागते. त्यानें नकार दिला तर राग मानूं नये. तो आपल्याच हिताचा आहे. ह्या गोळ्यांबरोबर दारू जिवावर बेतते, आणि गुंगींत ट्रॅक्टर चालविणेंहि तसेंच.

कोणी जीव नकोसा झाल्याचें बोलल्यास तें हंसण्यावारी नेऊं नये. फवारणीचें विष त्याच्या हातीं लागणार नाहीं असें कुलुपांत ठेवावें, त्यास एकटें सोडूं नये, आणि १४४१६ ह्या सरकारी दूरध्वनीवर बोलावें. ही विनामूल्य सोय ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र आहे व मराठींतहि बोलतां येतें.

कर्ज गोळीनें फिटत नाहीं, हें खरें. पण तें फेडावयास माणूस उरला पाहिजे.