सुरतेत मुहूर्त, नंदुरबारात समाप्ती

प्रेमानंद भट्टांचे ‘नळाख्यान’ हे गुजराती आख्यानकाव्याचे शिखर मानले जाते. या काव्याचा मुहूर्त सुरतेत झाला आणि ते नंदुरबारात पूर्ण झाले, असे कवीनेच काव्याच्या शेवटी नोंदवून ठेवले आहे. साल विक्रम संवत १७४२, म्हणजे इ.स. १६८५-८६. प्रेमानंद मूळचे वडोदऱ्याचे. सुरत आणि खानदेशातले नंदुरबार ही दोन्ही गावे बऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरची. शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० सालच्या स्वाऱ्यांनी हादरलेली सुरत तोवर पुन्हा उभी राहिली होती. अशा नांदत्या पेठांत कथेकऱ्याला श्रोतेही मिळत आणि बिदागीही.

प्रेमानंद माणभट्ट होते. माण म्हणजे अरुंद तोंडाची, फुगीर पोटाची तांब्याची घागर. बोटांत अंगठ्या घालून माणभट्ट तिच्यावर ठेका धरतो. गाणे, निवेदन आणि सगळ्या पात्रांचा अभिनय तो एकटाच करतो. गुजराती आख्यानात कडवे म्हणजे एक अख्खे प्रकरण. ‘नळाख्याना’त अशी साठहून अधिक कडवी आहेत. कडव्याच्या शेवटी येणारे दोन ओळींचे ‘वलण’ संपलेला प्रसंग आवरते आणि पुढच्याची चाहूल देते. कथा रात्रीमागून रात्री चालायची, तेव्हा श्रोत्याला दुसऱ्या दिवशी परत आणण्याचे काम या दोन ओळींवर असे.

प्रेमानंदांच्या अद्भुताने भरलेल्या कथांचे नायक मात्र पराक्रमी वाटावेत असे नाहीत. ‘सुदामाचरित्रा’त फाटक्या वस्त्रातला गरीब ब्राह्मण आहे. ‘कुंवरबाईनुं मामेरुं’ या आख्यानात लेकीच्या सासरी आहेर घेऊन जायलाही ज्याच्यापाशी काही नाही तो नरसिंह मेहता आहे. नळ तर राजा; पण प्रेमानंदांचे मन रमते ते त्याचे राज्य गेल्यावर. कली अंगात शिरतो, नळ भाऊ पुष्कराशी द्यूत खेळून सर्वस्व हरतो आणि पत्नी दमयंतीसह वनात जातो. तिथे महाभारतातल्या नलोपाख्यानात नसलेला एक प्रसंग येतो. उपाशी नळ मासे धरून दमयंतीच्या हाती देतो. तिच्या हातात अमृत असल्याने मेलेले मासे जिवंत होऊन पाण्यात उड्या घेतात. नळ परततो तेव्हा मासे नाहीत. तिनेच ते खाल्ले, अशी त्याची खात्री होते. पुढे तो तिला टाकून जातो, त्याची बीजे या संशयात आहेत. भुकेने माणूस किती खाली येतो हे इतक्या साध्या घटनेतून दाखवणारी जागा या काव्यात दुसरी नाही.

नळाने वणव्यातून सोडवलेला कर्कोटक नाग त्यालाच डसतो. नळ कुरूप बाहुक होतो आणि अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथी म्हणून राहतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची हूल उठते, तेव्हा ऋतुपर्णाला एका दिवसात तिचे माहेर कुंडिनपूर गाठायचे असते. बाहुक निवडतो ती मरतुकडी घोडी. रथ मात्र असा सुटतो की राजाचे उपरणे उडाले आणि तो थांब म्हणाला, तोवर ते कित्येक कोस मागे पडलेले. वाटेत बेहड्याचे झाड लागते. राजा त्याची पाने-फळे नुसत्या नजरेने मोजून दाखवतो. दोघे विद्यांची अदलाबदल करतात, अश्वविद्येच्या बदल्यात अक्षविद्या, आणि ती येताच कली नळाच्या अंगातून बाहेर पडतो. मूळ कथा महाभारताचीच, पण बेढब सारथ्याला पाहून हसणाऱ्यांची फजिती प्रेमानंद चवीने रंगवतात.

मराठीत हेच कथानक रघुनाथ पंडितांनी ‘नलदमयंती स्वयंवर’ आख्यानात घेतले. त्यांची नजर दूत झालेल्या हंसावर आणि शृंगारावर अधिक आहे.

‘नळाख्यान’ छापून वाचकांपुढे आणणाऱ्यांत सुरतेचेच कवी नर्मद होते. त्यांनी त्याचे संपादन १८८० मध्ये केले. पुढे वडोदऱ्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने निघालेल्या ‘प्राचीन काव्यमाले’त जुने गुजराती काव्य मोठ्या प्रमाणावर छापले गेले. त्याच काळात प्रेमानंदांच्या नावावर काही नाटकेही प्रसिद्ध झाली, पण नरसिंहराव दिवेटिया आदी अभ्यासकांनी ती बनावट ठरवली. छापील पुस्तक घरोघर पोहोचले आणि माणभट्टांची संख्या घटत गेली. विसाव्या शतकात वडोदऱ्याच्या धार्मिकलाल पंड्यांनी मात्र माणेवर आख्याने गाण्याची रीत चालू ठेवली.