राखीव प्रत व पुनःस्थापन

सर्व्हर संगणकावर साठविलेल्या माहितीची मूळ साठ्यापासून अलग ठेवलेली प्रत म्हणजे राखीव प्रत होय. व्यवहारात ती ‘बॅकअप’ या नावाने ओळखली जाते. मूळ माहिती नष्ट, दूषित वा अप्राप्य झाल्यास राखीव प्रतीच्या साहाय्याने ती पूर्वस्थितीत आणण्याच्या क्रियेस पुनःस्थापन म्हणतात. या दोन क्रिया परस्परपूरक असून पहिलीचे मूल्य दुसरीवरून ठरते. जिच्यावरून माहिती पुन्हा उभी करता येत नाही, ती प्रत कितीही नियमितपणे घेतलेली असली, तरी राखीव प्रत या संज्ञेस पात्र ठरत नाही.

सर्व्हर हा एकाच वेळी अनेकांना सेवा पुरविणारा संगणक असल्यामुळे [⟶ संगणक] त्यावरील माहितीचा नाश ही एका व्यक्तीपुरती हानी नसते. बँकांतील खाती, रुग्णालयांतील नोंदी, परीक्षांचे निकाल, जमिनींचे अभिलेख इ. माहिती आता बव्हंशी सर्व्हरवरच असते आणि पुष्कळदा तिची कागदी नोंद मागे उरलेली नसते.

इतिहास : १९५१ साली वापरात आलेल्या युनिव्हॅक–१ या संगणकात माहिती साठविण्यासाठी चुंबकीय फितीचा उपयोग करण्यात आला. आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये प्रचारात आणलेल्या पहिल्या व्यापारी चुंबकीय चकती-साठ्यात सु. ५० लाख अक्षरे मावत. चकतीवरील माहिती हवी तेव्हा बदलता येऊ लागली. परंतु नवी नोंद होताच जुनी पुसली जाऊ लागल्याने तिची प्रत वेगळी राखणे अगत्याचे झाले. या कामी फीत हे माध्यम रूढ झाले व ते अद्यापि टिकून आहे. २०२१ मध्ये उपलब्ध झालेल्या एलटीओ–९ या प्रकारच्या एका फीतपेटीत, माहितीचे संकोचन न करता, १८ टेराबाइट माहिती मावते.

माहितीनाशाची कारणे : साठवण-चकतीतील बिघाड, आज्ञावलीतील दोष, हाताळणाऱ्याची चूक, आग वा पूर यांसारख्या आपत्ती आणि माहिती कूटबद्ध करून खंडणी मागणाऱ्या घातक आज्ञावल्या ही प्रमुख कारणे होत. यांपैकी केवळ पहिल्या कारणाविरुद्ध उपयोगी पडणाऱ्या उपायास पुष्कळदा राखीव प्रत समजले जाते. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील (बर्कली) डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी वर्णन केलेल्या ‘रेड’ पद्धतीत माहिती अनेक चकत्यांवर अशा रीतीने विभागली जाते की, एखादी चकती निकामी झाली, तरी काम खंडित होत नाही. मात्र एखादी फाइल चुकून पुसल्यास ती सर्व चकत्यांवरून तत्क्षणी पुसली जाते. दुसऱ्या सर्व्हरवर चालणाऱ्या अखंड प्रतिकृतीकरणासही हीच मर्यादा आहे. राखीव प्रतीत भूतकाळातील स्थिती गोठवून ठेवलेली असते, हा तिचा विशेष होय.

प्रकार : (१) पूर्ण प्रत : हीत सर्व माहितीची नक्कल केली जाते. (२) वाढीव प्रत : अगोदरच्या कोणत्याही प्रतीनंतर बदललेला भागच हीत असतो. (३) भेददर्शी प्रत : शेवटच्या पूर्ण प्रतीनंतर बदललेला सर्व भाग हीत असतो. समजा, रविवारी पूर्ण प्रत व नंतर रोज रात्री वाढीव प्रत घेतली आणि गुरुवारी सकाळी सर्व्हर बंद पडला, तर रविवार, सोमवार, मंगळवार व बुधवार या चारही प्रती क्रमाने लावाव्या लागतात. त्यांतील एक सदोष निघाल्यास पुढील प्रती निरुपयोगी ठरू शकतात. भेददर्शी पद्धतीत रविवारची व बुधवारची अशा दोनच प्रती पुरतात. पण रोजची प्रत दिवसेंदिवस मोठी होत जाते. थोडक्यात, प्रत घेताना वाचविलेला वेळ पुनःस्थापनाच्या वेळी खर्ची पडतो.

चालू डेटाबेसच्या फाइलींची साधी नक्कल धोक्याची असते. कारण नक्कल होत असतानाच नोंदी बदलत राहिल्याने प्रतीचे निरनिराळे भाग परस्परविसंगत होतात. म्हणून डेटाबेसच्या स्वतःच्या आज्ञावलीद्वारे सुसंगत प्रत घेतात आणि तिच्या जोडीला प्रत्येक बदलाची क्रमवार रोजनिशी जतन करतात. सकाळी ११ वाजून ५ मिनिटांनी एखादे कोष्टक चुकून पुसले गेले, तर आदल्या रात्रीची प्रत लावून तीवर रोजनिशीतील ११ वाजून ४ मिनिटांपर्यंतचे बदल पुन्हा घडविता येतात.

नियोजन : किती काळातील माहिती गमावणे परवडेल आणि सेवा किती वेळ बंद राहिलेली चालेल, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर सर्व योजना अवलंबून असते. पहिल्यावरून प्रती किती वेळाने घ्यावयाच्या हे, तर दुसऱ्यावरून माध्यम व पद्धती ठरतात. सर्वसाधारणपणे ‘३–२–१’ हा नियम पाळतात : माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न माध्यमांवर असाव्यात व त्यांपैकी एक अन्य स्थळी असावी. खंडणीखोर आज्ञावल्या जाळ्यातून पोहोचता येणाऱ्या प्रतीही नष्ट करीत असल्याने एक प्रत जाळ्यापासून तोडलेली वा बदल न करता येण्याजोगी ठेवणे इष्ट असते. प्रत कूटबद्ध असल्यास तिची किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवू नये. सर्व्हरबरोबर किल्लीही गेल्यास प्रत वाचता येत नाही.

पुनःस्थापन व चाचणी : पुनःस्थापन करताना बिघाडाचे कारण प्रथम दूर करतात, अन्यथा परत आणलेली माहितीही त्याच कारणाने नष्ट होते. शक्यतो वेगळ्या यंत्रावर प्रत लावून नोंदींची संख्या, परस्परसंबंध व आज्ञावल्यांचे चलन तपासतात आणि मगच सेवा सुरू करतात. हीच कृती संकट नसतानाही ठराविक काळाने करणे म्हणजे पुनःस्थापन-चाचणी होय.

या चाचणीचे महत्त्व गिटलॅब या सॉफ्टवेअर-सेवेच्या बाबतीत स्पष्ट झाले. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील मुख्य डेटाबेसच्या फाइली चुकून पुसल्या गेल्या. नित्याच्या प्रती घेणारी आज्ञावली डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने प्रती घेतल्याच जात नव्हत्या आणि अपयशाच्या सूचना देणारी ई-पत्रेही नाकारली जात होती. सुमारे सहा तास आधी अन्य कामासाठी घेतलेली एक प्रत सुदैवाने हाती होती; तीवरून सेवा उभी करण्यात आली, पण मधल्या सहा तासांतील नोंदी गेल्या. याउलट फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधील दोषामुळे जीमेलच्या काही वापरकर्त्यांची पत्रे अनेक ठिकाणच्या प्रतींसह नाहीशी झाली असता, ती जाळ्याबाहेरील चुंबकीय फितींवरून परत आणता आली. दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहितीकेंद्रास २६ सप्टेंबर २०२५ रोजी लागलेल्या आगीत शासकीय कर्मचाऱ्यांच्या सामाईक साठ्यातील सु. ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. साठा फार मोठा असल्याच्या कारणावरून त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती.

भाड्याने घेतलेल्या मेघसेवांमुळे यंत्रांची देखभाल सेवादात्याकडे गेली असली, तरी माहितीची स्वतंत्र प्रत राखण्याची व ती लावून पाहण्याची जबाबदारी बहुतेक करारांनुसार ग्राहकाकडेच राहते. त्यामुळे शेवटची यशस्वी पुनःस्थापन-चाचणी कोणत्या दिवशी झाली आणि तीस किती वेळ लागला, याची लेखी नोंद ठेवणे हा संस्थेच्या नित्य कामकाजाचा भाग मानला जातो.